कवचाआडून जगाची चाहूल

झुरळावर चप्पल उगारली, की ती खाली पोहोचायच्या आत झुरळ मोरीच्या जाळीत गेलेले असते. त्याने चप्पल पाहिली म्हणून ते पळाले, असे आपल्याला वाटते. पण या पळण्यात डोळ्यांचा वाटा फारसा नसतो. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन आखूड, टोकदार काड्या असतात आणि प्रत्येक काडीच्या खालच्या अंगाला दोनशेच्या आसपास अतिशय बारीक केस असतात. चप्पल खाली येताना आपल्यापुढची हवा ढकलते. ती हवा चपलेच्या आधी झुरळापर्यंत येते, केस कलतात, आणि सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात झुरळ वळून धावायला लागलेले असते.

निसर्गात चप्पल नसते, बेडूक असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री कॅमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली बेडकासमोर झुरळे सोडून हे सगळे तपासले. बेडूक झेपावला की त्याच्या अंगाने ढकललेली हवा झुरळाला जाणवते, आणि जीभ पोहोचण्याआधीच झुरळ वळायला सुरुवात करते. ज्या झुरळांच्या मागच्या काड्या झाकून टाकल्या होत्या, ती बेडकाच्या तोंडी जास्त सापडली.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती केसांच्या मुळाशी. प्रत्येक केस एका खाचेत बसवलेला असतो आणि ती खाच त्याला एका ठरावीक दिशेत सहज कलू देते, बाकीच्या दिशांना अडवते. कुठल्या रांगेतला केस कुठल्या दिशेला कलतो हे ठरलेले असते. म्हणजे वारा कुठून आला हे शोधण्यासाठी झुरळाला विचार करावा लागत नाही. कोणते केस कलले यातच उत्तर असते. केसांकडून निघालेले संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंवरून थेट पायांकडे जातात. मग घरात पंखा चालू असताना झुरळ सतत का पळत नाही? कारण वारा आहे की नाही यापेक्षा वाऱ्याचा वेग किती झपाट्याने वाढला याला हे केस जास्त दाद देतात. पंख्याचा वारा एकसारखा असतो. झेपावणाऱ्या बेडकाचा वारा एकदम येतो.

आता हे केस आलेच कुठून, आणि अशी व्यवस्था का, हे समजायला कीटकाच्या अंगाकडे पाहायला हवे.

आपली हाडे आत असतात आणि त्यावर मऊ कातडी. कातडीत जागोजागी मज्जातंतूंची टोके आहेत, म्हणून कुठेही हात लावला तरी कळते. कीटक आणि कोळी यांचा सांगाडा बाहेर असतो. कायटिन आणि प्रथिने यांचे ते कवच अंगातले पाणी आत धरून ठेवते, स्नायूंना ओढायला आधार देते, शत्रूचा दात अडवते. पण जे कवच दात अडवते ते बातमीही अडवते. अशा कवचात बंद असलेल्या जिवाला बाहेर काय चालले आहे ते कळणार कसे?

उत्तर एकच आहे आणि ते या सगळ्या विषयाची किल्ली आहे: कवचच बदलायचे. एका जागी भोक पाडून त्यात केस बसवला की स्पर्शाचे इंद्रिय झाले. एका जागी बारीक चीर ठेवली की कवचावर पडणारा ताण मोजता येतो. एका जागी ते घासून पडद्यासारखे पातळ केले की कान झाला. आणि एका जागी ते काचेसारखे पारदर्शक केले की डोळ्याचे भिंग झाले. घराच्या कोपऱ्यात कोळ्याने टाकलेली कात सापडली तर ती जरूर हातात घेऊन पाहा. पाय, नखे, केस यांच्याबरोबर डोळ्यांवरची भिंगेही त्या कातीला तशीच चिकटलेली असतात, कारण ती कवचाचाच भाग होती.

कोळी हा कीटक नव्हे, हे इथेच सांगायला हवे. त्याला आठ पाय असतात, मिशा नसतात, पंख नसतात, आणि माशीसारखे हजारो भिंगांचे डोळेही नसतात. कोळ्यांचे आणि कीटकांचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. पण कवचाची अडचण दोघांचीही तीच, त्यामुळे उत्तरेही एकमेकांच्या बरीच जवळची निघाली.

केस, चिरा आणि तोल

साध्या स्पर्शाच्या केसाची रचना पटकन सांगून टाकतो. केस पोकळ आणि ताठ असतो, त्याच्या बुडाशी लवचीक पापुद्रा असतो, आणि त्या बुडाला मज्जापेशीचे टोक टेकलेले असते. केस कलला की ते टोक ताणले किंवा दाबले जाते, पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. मुंगीच्या मिशीपासून नाकतोड्याच्या पायापर्यंत सगळीकडे हाच मूळ मासला आहे.

स्पर्श म्हणजे फक्त बाहेरचे काही लागणे नव्हे. आपले स्वतःचे अंग कुठे आणि कसे आहे, हेही त्यात येते. घरमाशीला दोनच पंख दिसतात. पंखांची मागची जोडी आखडून टोकाला गाठ असलेल्या दोन छोट्या काड्यांएवढी उरली आहे. उडताना त्या काड्या पंखांच्याच वेगाने वरखाली हलतात, आणि माशीने अंग वळवले की त्यांच्या बुडाशी किंचित पीळ पडतो. तिथल्या कवचात बारीक घुमट असतात, ते हा पीळ टिपतात. हवेत गिरकी घेऊनही माशीचा तोल जात नाही तो यामुळे. पतंगांना चारही पंख असतात, मग त्यांचे काय? बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात काम करणारे संजय साने यांनी अमेरिकेत असताना सहकाऱ्यांसह याचे उत्तर 2007 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी मोठ्या पतंगांच्या मिशांचा लांब भाग कापला, तेव्हा पतंग धडकू लागले, पडू लागले. तोच भाग परत चिकटवला तेव्हा ते पुन्हा नीट उडू लागले. चिकटवलेली मिशी निर्जीव होती, तिला वास घेता येत नव्हता. पण तिचे वजन मिशीच्या बुडावर पडत होते, आणि तोल सांभाळायला तेवढे पुरेसे होते.

कोळ्यांच्या बाबतीत मात्र थोडे थांबायला हवे, कारण या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा प्राणी सापडणे कठीण आहे.

मध्य अमेरिकेत केळीच्या झाडांवर राहणारा एक मोठा कोळी आहे, क्युपिएनियस. तो जाळे विणत नाही, रात्री पानावर बसून शिकार येण्याची वाट पाहतो. व्हिएन्नाचे फ्रिडरिश बार्ट यांनी या एका कोळ्यावर कित्येक दशके काम केले, आणि कोळ्यांच्या संवेदनांबद्दल आज आपल्याला जे नेमके माहीत आहे त्यातले पुष्कळसे त्यांच्यामुळे. या कोळ्याच्या पायांवर काही केस इतके हलके आणि इतक्या सैल खाचेत बसलेले आहेत की फूटभर अंतरावर माशी उडाली तरी तिच्या पंखांनी हललेल्या हवेत ते डोलतात. तेवढ्यावरून अंदाज घेऊन कोळी अंधारात उडत्या माशीवर झेप घेतो. असा केस हलवून संदेश निघायला लागणारी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या एका कणात असते त्याहूनही कमी भरते. केसांची लांबी वेगवेगळी असते. लांब केस हवेच्या मंद हालचालींना दाद देतात, आखूड केस जलद हालचालींना.

हे झाले हवेचे. पानातून येणाऱ्या थरथरीसाठी वेगळी सोय आहे. क्युपिएनियसच्या कवचात तीन हजारांहून अधिक सूक्ष्म चिरा आहेत, बहुतेक पायांवर. पायाखालचा पृष्ठभाग थरथरला की पाऊल किंचित हलते, पायाच्या कवचावर दाब येतो, चीर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी अंतराने दबते, आणि तिच्यावर ताणलेल्या पापुद्र्याला टेकलेली मज्जापेशी जागी होते. पावलाच्या थोडे वर अशा 21 चिरा शेजारी शेजारी, एकमेकींना समांतर आहेत. त्यांच्या पुढ्यात एक मऊ गादी असते. वाऱ्याने पान डोलते तेव्हाची मंद हालचाल ती गादी गिळून टाकते आणि झुरळाच्या पावलांची जलद थरथर पुढे जाऊ देते. पान तर दिवसरात्र हलतच असते. त्यातून कामाची बातमी निवडायची ही युक्ती मला फार आवडते, कारण ही निवड मेंदूपर्यंत गेलेलीच नसते. ती पायातच होते.

जाळे विणणाऱ्या कोळ्याने एक पाऊल पुढे टाकले. तो जाळ्याच्या मध्यभागी आठही पाय मध्यातून बाहेर जाणाऱ्या धाग्यांवर ठेवून बसतो. कुठल्या पायाखालचा धागा जास्त थरथरला यावरून भक्ष्य कुठल्या बाजूला अडकले ते कळते. अडकलेली माशी फडफडते, वाऱ्याने उडून आलेले पान फडफडत नाही, आणि लग्नाच्या तयारीने आलेला नर धागा ठरावीक लयीत छेडतो, म्हणजे त्याला भक्ष्य समजून मादीने खाऊ नये. 2022 मध्ये कॉर्नेल आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी याहून पुढची गोष्ट दाखवली. पुलांच्या कठड्यांवर जाळी करणाऱ्या एका कोळ्याला स्पीकरवरून आवाज ऐकवला तर तो आवाजाच्या दिशेने वळत होता, अंग आक्रसत होता. जाळ्याचे धागे इतके बारीक आहेत की हवेतल्या ध्वनिलहरींबरोबर ते जवळपास हवेइतकेच हलतात. कोळी पाय जाळ्यावर ठेवून तो आवाज घेत होता. आपल्या अंगापेक्षा कितीतरी मोठा पडदा तो स्वतः विणतो, आणि फाटला तर पुन्हा विणतो.

झाडाच्या कांडीतून बोलणे

भाताच्या शेतात तपकिरी तुडतुड्यांचा त्रास ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते किडे मुके वाटतील. ते मुके नाहीत. मादी पोट हलवून भाताच्या काडीला थरथरवते, ती थरथर काडीतून नराच्या पायांपर्यंत पोहोचते, तो उत्तर देतो आणि तिला शोधत निघतो. हे सगळे हवेतून येत नाही म्हणून आपल्या कानांना लागत नाही. पानांवर आणि खोडांवर राहणाऱ्या कीटकांमध्ये अशी बोलणी हवेतल्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त चालतात.

याचा शेतीला उपयोग करून पाहिला आहे तो उत्तर इटलीत, त्रेंतिनो भागातल्या द्राक्षबागांमध्ये. तिथे द्राक्षवेलींना रोग लावणारा एक तुडतुडा आहे. त्याची नर-मादी वेलीतून एकमेकांना हाका घालतात. संशोधकांनी वेली ज्या तारांवर चढवतात त्या तारांना छोटी थरथरणारी यंत्रे लावली आणि प्रतिस्पर्धी नर जो गोंगाट करतो तसली थरथर सोडली. हाका बुडाल्या, जोड्या कमी जमल्या. द्राक्षबागेत तार आधीपासूनच असते, हे इथे कामी आले. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ही कल्पना समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

कान कुठे असतात?

आवाज दोन प्रकारे पकडता येतो. आवाजाच्या उगमाजवळ हवा पुढेमागे हलते. ती हालचाल केस किंवा मिशी टिपते. पण थोडे दूर गेले की ही हालचाल फार क्षीण होते आणि उरतो तो दाबाचा चढउतार. तो टिपायला ताणलेला पडदा आणि त्यामागे हवेची पोकळी लागते. कीटकांनी दोन्ही वाटा धरल्या.

डास पहिल्या वाटेचा. नर डासाच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात आणि त्यांच्या बुडाशी एक गोल गाठ असते. क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी 1855 साली तिचे वर्णन केले म्हणून तिला जॉन्स्टनचे इंद्रिय म्हणतात. त्यात पंधरा हजारांच्या आसपास संवेदी पेशी असतात. माणसाच्या एका कानातही ऐकणाऱ्या पेशी साधारण तेवढ्याच. आपल्या कानाशी येणारी गुणगुण हा मादीच्या पंखांचा आवाज, आणि नरासाठी ती मादीची खूण. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासात मादीच्या पंखांचा सूर 400 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 400 कंपनांच्या, आसपास असतो, नराचा 600 च्या आसपास. 2009 मध्ये कॉर्नेलच्या गटाने दाखवले की नर-मादी जवळ आले की दोघे आपापला सूर थोडा सरकवतात, आणि तिच्या सुराची तिप्पट व त्याच्या सुराची दुप्पट, म्हणजे 1200 हर्ट्झ, यावर दोघांचे जुळते. डासांची पैदास थांबवायला प्रयोगशाळेत वाढवलेले नर सोडतात, तेव्हा त्या नरांना हा सूर जुळवता येतो का हा प्रश्न डेंग्यूच्या कामात खरोखर महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांचे कान मात्र कुठेही सापडतात. रातकिड्याचा कान पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली. नाकतोड्याचा पोटाच्या पहिल्या वळीशी. प्रार्थना कीटकाला छातीच्या मधोमध एकच कान असतो. काही पतंगांचे कान तोंडाच्या भागांत आहेत. कीटकांमध्ये कान पंधरापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाले, आणि त्याचे कारण कवचाच्या गोष्टीत आहे. ताण ओळखणाऱ्या पेशी अंगभर, सांध्या-सांध्यांत आधीपासूनच होत्या. त्यांच्यावरचे कवच जिथे पातळ झाले आणि मागे श्वासनळीची पोकळी होती, तिथे कान व्हायला वाव मिळाला.

पतंगाच्या कानाइतकी काटकसर मी दुसरीकडे पाहिली नाही. पुष्कळ पतंगांच्या एका कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त दोन. केनेथ रोडर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर त्यांचे काम उलगडले. एक पेशी जास्त तिखट: वटवाघूळ लांब असताना तीच बोलते आणि पतंग दिशा बदलून निघून जातो. दुसरी पेशी फार मोठ्या आवाजालाच जागी होते, म्हणजे वटवाघूळ अगदी डोक्यावर आले तेव्हा. मग पतंग दिशाबिशा पाहत नाही, वेडावाकडा गटांगळ्या खात खाली पडतो. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाऊन पोळी उद्ध्वस्त करणारा पतंग 300 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, असे 2013 मध्ये स्कॉटलंडमध्ये मोजले गेले. आपली मर्यादा 20.

रातकिड्यांबद्दल भारतात फार चांगले काम झाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी कुद्रेमुखच्या जंगलात रात्रीच्या आवाजांवरून कोण गातो आहे हे ओळखत आले आहेत. झुडपांवर राहणाऱ्या एका फिकट रातकिड्याची त्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकाच. नर पंख घासून गातो. पण पंख लहान असल्याने पंखाच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर कडेवरून वळसा घालून एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. काही नर पानाला बेताचे भोक पाडतात, त्यात डोके घालून पंख पानाच्या पातळीत उभारतात आणि गातात. पान मध्ये आल्याने लहरी एकमेकींना गाठत नाहीत, आवाज वाढतो. असे करणारे नर बहुधा लहान आणि मुळात हळू आवाजाचे असतात. मोठ्या आवाजाकडे माद्या जातात, आणि पानाच्या मदतीने या नरांनाही माद्या मिळतात.

आवाज आला कुठून, हे लहान जिवाला ओळखणे सर्वांत कठीण. आपण दोन कानांत आवाज पोहोचण्यातला फरक मोजतो, पण कान अर्ध्या मिलिमीटरवर असतील तर? ऑर्मिया नावाची एक माशी अमेरिकेत रात्री रातकिड्याचे गाणे ऐकून त्याला गाठते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. त्या त्याला आतून खातात. तिच्या दोन कानांत आवाज पोहोचण्यातला फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. पण तिचे दोन पडदे मध्ये टेकू दिलेल्या तराजूच्या दांडीसारखे एकमेकांना जोडलेले आहेत. आवाजाकडचा पडदा आधी आणि जास्त हलतो, दुसरा त्या ओढाताणीत मागे पडतो, आणि मुळातला नगण्य फरक कित्येक पटींनी वाढून मज्जातंतूंपर्यंत जातो. दोन अंशांइतक्या अचूकतेने ती दिशा ओळखते. कॉर्नेलचे रोनाल्ड हॉय आणि बिंगहॅम्टनचे रोनाल्ड माइल्स या कामात होते. प्रार्थना कीटकाचा एकच कान, डासांचे सूर आणि जाळ्याचे ऐकणे यांतही हॉय यांचा हात होता. या माशीच्या कानावरून श्रवणयंत्रांसाठी छोटे मायक्रोफोन बनवण्याचे प्रयत्न झाले. हवाईच्या काउआई बेटावर याच माशीमुळे रातकिड्यांचे गाणेच बंद पडत गेले. 2003 च्या सुमारास मार्लीन झुक यांना तिथले बहुतेक नर सपाट, न गाणाऱ्या पंखांचे आढळले. गाणारे मारले जात होते, मुके उरत होते.

एक बिंदू, एक भिंग

माशीच्या डोळ्यात हजारो भिंगे असतात हे शाळेत सांगतात, आणि मग तिला एका माणसाच्या हजार प्रतिमा दिसतात असेही कुणीतरी सांगते. हे चुकीचे आहे. घरमाशीच्या एका डोळ्यात तीन-चार हजार भिंगे असतात, मोठ्या चतुराच्या डोळ्यात तीस हजारांपर्यंत. दिवसा उडणाऱ्या कीटकांत प्रत्येक भिंग आपल्या समोरच्या एका अरुंद कोनातला प्रकाश घेते आणि चित्रातला फक्त एक बिंदू देते. सगळे बिंदू मिळून चित्र एकच. हा कोन मधमाशीत सुमारे एक अंशाचा आहे. हात समोर ताणून करंगळीचे नख पाहा, ते साधारण तेवढे दिसते. त्या नखाएवढ्या जागेतले बारकावे मधमाशीला दिसत नाहीत. आपल्याइतके स्पष्ट दिसणारा असा डोळा करायचा तर तो किमान एक मीटर रुंद लागेल, असा हिशेब कुनो किर्शफेल्ड यांनी मांडला होता.

रात्रीच्या कीटकांत भिंगांची मांडणी वेगळी. तिथे शेकडो भिंगे आपला प्रकाश एकाच बिंदूवर आणून टाकतात, म्हणून अंधुक उजेडही पुरतो. ऑस्ट्रियाच्या सिग्मुंड एक्सनर यांनी 1891 साली काजव्याचा डोळाच भिंग म्हणून वापरून फोटो काढला. त्यात खिडकी दिसते, काचेवरचे आर हे इंग्रजी अक्षर दिसते, आणि पलीकडचे चर्चही.

स्पष्टपणात जे गमावले ते कीटकांनी वेगात मिळवले. माशी सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा होणारी उघडझाप वेगवेगळी ओळखू शकते. आपण साठीच्या आसपास थांबतो. आपल्या विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. आपल्याला तो स्थिर वाटतो. माशीला तो लुकलुकताना दिसतो. वर्तमानपत्राची गुंडाळी तिला हळू येताना दिसते, ती याच कारणाने.

रंगही वेगळे. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 साली मधमाश्यांना निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून शिकवले आणि मग राखाडी छटांच्या कागदांमधून निळा ओळखायला लावला. त्यांनी ओळखला. मधमाशीला लाल दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. सूर्यफुलाच्या पाकळ्या आपल्याला सबंध पिवळ्या दिसतात. मधमाशीला त्यांची टोके अतिनील प्रकाशात चमकताना आणि बुडे गडद दिसतात, म्हणजे मध्याभोवती एक गडद वर्तुळ. आकाशातल्या ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची नक्षीही तिला दिसते, त्यामुळे सूर्य ढगाआड गेला तरी निळ्या आकाशाच्या एका तुकड्यावरून ती दिशा काढते.

महाराष्ट्राच्या वाचकाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट भीमाशंकरची आहे. तिथल्या अभयारण्यात वाळलेल्या लाकडात बिळे करणारे मोठे भुंगे आहेत. हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी त्यांच्या तीन जाती अभ्यासल्या. एक दिवसा उडते, एक चांदण्या रात्रीही, आणि तिसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, चंद्र नसलेल्या रात्रीही. अमावास्येच्या अंधारात उडणारी दुसरी मधमाशी-भुंग्याची जात जगात माहीत नाही. 2008 मध्ये त्यांनी दाखवले की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात हा भुंगा आपल्या घरट्याजवळची खूण रंगावरून ओळखतो. त्या उजेडात माणसाला रंग दिसतच नाहीत. नवल यासाठी की त्याचा डोळा दिवसाच्या कीटकांच्याच धाटणीचा आहे, काजव्यासारखा शेकडो भिंगांचा प्रकाश एकत्र करणारा नव्हे. भिंगे मोठी आहेत, खालचे प्रकाश टिपणारे दांडे जाड आहेत, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. शेजारच्या अनेक भिंगांकडून आलेले संदेश मेंदू एकत्र बेरीज करून वाचतो, थोडा वेळ साठवूनही वाचतो, असे धरले तर जुळतो.

कोळ्यांपैकी बहुतेकांची नजर अधू, पण उड्या मारणारे कोळी अपवाद. भिंतीवर थांबून आपल्याकडे वळून पाहणारा तोच. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे डोळे लांब नळ्यांसारखे आहेत. भिंग कवचाला जखडलेले, त्यामुळे डोळा वळत नाही; त्याऐवजी आतला पडदाच स्नायूंनी इकडेतिकडे फिरतो आणि समोरचे दृश्य तुकड्या-तुकड्याने पाहतो. बाजूचे डोळे जवळजवळ चहूबाजूंची हालचाल टिपतात. पुढच्या डोळ्याचा पडदा एकाखाली एक अशा चार थरांचा आहे. हिरवा प्रकाश एका थरावर स्पष्ट पडतो, दुसऱ्यावर अस्पष्ट, आणि वस्तू जितकी जवळ तितकी ही अस्पष्टता जास्त. कोळी त्या अस्पष्टतेवरून अंतर मोजतो. ओसाका शहर विद्यापीठातल्या गटाने 2012 मध्ये हे सिद्ध केले, तेही आपल्या घरांतही सापडणाऱ्या एका जातीवर: हिरव्या उजेडात उड्या अचूक, लाल उजेडात उड्या आखूड. लाल प्रकाशात अस्पष्टता वाढते आणि भक्ष्य आहे त्याहून जवळ वाटते. इतका डोळ्यांवर जगणारा हा कोळी ऐकतही असेल असे कुणाला वाटले नव्हते. कॉर्नेलमध्ये त्याच्या मेंदूत सूक्ष्म तार घालून डोळ्यांचे काम तपासताना खोलीत खुर्ची करकरली आणि मज्जापेशी बोलल्या. 2016 मध्ये निष्कर्ष आला: तीन मीटरहून लांबचा आवाज तो पायांवरच्या केसांनी ऐकतो, आणि ज्या जाड आवाजाला थिजून उभा राहतो तो कोळी पकडून नेणाऱ्या कुंभारमाशीसारख्या माश्यांच्या पंखांच्या आवाजाजवळचा आहे.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती किडे का घोंघावतात याचे चांगले उत्तर 2024 मध्ये मिळाले. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने पाहिले तेव्हा कीटक दिव्याकडे सरळ जात नव्हते, दिव्याकडे पाठ करत होते. कोट्यवधी वर्षे रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सुलटे आहोत असे कीटकाचे अंग मानते. शेजारी दिवा असला की पाठ तिकडे कलते, वाट वाकडी होते आणि किडा दिव्याभोवती फिरत राहतो. दिवा खाली असला तर तो उलटा होऊन जमिनीवर पडतो. म्हणून जमिनीतून वर प्रकाश फेकणारे दिवे सर्वांत वाईट, आणि वरून झाकलेले, खाली प्रकाश टाकणारे बरे. मेअखेरीस भंडारदरा-पुरुषवाडीकडे काजवे पाहायला गर्दी लोटते. तिथे नर आणि मादी एकमेकांना ओळखतात ती फक्त त्या लुकलुकीवरून. गाडीचे दिवे झाडाखाली येईपर्यंत चालू ठेवणे, टॉर्च फांद्यांवर मारणे, फोटोसाठी फ्लॅश टाकणे, यांतले काहीही केले की त्या झाडावरची बोलणी तेवढा वेळ बुडतात. आणि प्रौढ काजव्यांकडे वेळ असतो तो अवघ्या काही आठवड्यांचा.